रिकामा पाळणा हलवायचा नाही

माझी सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली. बाहेर पडणारा नग हातात घ्यायचा, मापायचा, ओढून-ताणून बघायचा आणि मगच त्याच्या कागदावर सही करायची. न तपासलेला माल सोडला, असा ठपका माझ्यावर कधी आला नाही. आणि जी एकच वस्तू अशी होती की ती चुकली तर माझ्याच रक्ताच्या जिवावर बेतलं असतं, ती तपासायला मला माझ्याच घरात बंदी झाली. वस्तू मी स्वतः बनवलेली. नातीचा पाळणा. बंदीचं कारण एवढंच, की रिकामा पाळणा हलवायचा नसतो.

का नसतो? मी नवऱ्याला विचारलं, शेजारणींना विचारलं, विहीणबाईंना विचारलं. कुणी म्हणालं बाळाचं पोट दुखतं, कुणी म्हणालं बाळ किरकिरं होतं, आणि बाकीच्यांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं तोंड वळवलं. अहो, पाळणा हलवायसाठीच असतो. हलवायसाठी बनवलेली वस्तू हलवून बघायची नाही, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं. अजून कुणी सांगितलेलं नाही.

लाकडाचा नाद मला नोकरी सोडल्यावर लागला. पुंडलिकनगरात आमचं घर आहे, खाली गाडीपुरती जागा. गाडी रस्त्यावर गेली आणि त्या जागेत माझं टेबल आलं. सुरुवात भंगारवाल्याकडच्या खोक्यांच्या फळ्यांवर केली. मोठमोठी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं लाकूड पांढरट, हलकं, गाठींनी भरलेलं असतं, पण शिकणाऱ्याला ते बरं, कारण नासलं तर जीव जळत नाही. मोबाइलवर बघायचं, खाली जाऊन करायचं, बिघडलं की परत वर येऊन बघायचं. पहिलं स्टूल इतकं डुगडुगत होतं की नवऱ्यानं त्याच्या एका पायाखाली पेपराची घडी घालून त्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "छान झालंय की." असल्या कौतुकानं मला राग येतो. डुगडुगतंय तर डुगडुगतंय म्हणावं.

हळूहळू हात बसला. रंधा उलट्या रेषेनं मारला की लाकडाचे टवके उडतात आणि सुलट मारला की कागदासारखी पातळ साल निघते, हे शंभर वेळा बघून कळत नाही, हाताला लागल्यावर कळतं. लाकूड कोरायच्या पटाशीची धार रोज काढायची. पेन्सिलीनं आखलेली रेघ जाड असते, त्या जाडीतच सांध्याची वाट लागते, म्हणून मी चाकूच्या टोकानं आखते. गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय मी करवतीला हात लावत नाही. खिळे तर मी घरातून हद्दपारच केले. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ, आणि दोन्हींच्या मध्ये गोंद. एवढं जमलं की बाकीचं सगळं जमतं.

आता गल्लीचं ऐका. मी दिवसभर खाली उभी, अंगावर भुसा, केसांत भुसा, हातात रंधा. येणारा-जाणारा बघतोय. आणि शेजारीण फाटकात येऊन म्हणते, "वहिनी, भाऊंना सांगा ना, एक चौरंग करून द्या म्हणावं." भाऊंना! आमच्या भाऊंना भिंतीत खिळा ठोकायचा तर दोन बोटं आणि भिंतीचं प्लास्टर दोन्ही जातात. ते पाटबंधारे खात्यात कारकुनी करतात, वरण-भात उत्तम लावतात, पण लाकडाचं त्यांना काडीचं कळत नाही. आणि हे गृहस्थ काय करतात, तर तिथंच उभे राहून नम्रपणे हसतात. "नाही हो, हे तिचं काम," एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे ना, कशाला वाद?" त्या "जाऊ दे ना"नं माझी निम्मी हयात जाऊ दिली आहे.

तर लेकीला दिवस गेले. ती आणि जावई पुण्याला असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे, हे ठरलेलंच होतं. मी त्याच आठवड्यात वखारीत जाऊन सागवान घेऊन आले. फळी ठोकून आवाज ऐकला, उन्हात धरून रेषा बघितल्या, वखारवाला कंटाळला तरी मी हलले नाही. गुळगुळीत पॉलिश मारायचं नाही, हेही ठरवलं होतं. लेकरू जे दिसेल ते चाटतं, म्हणून नुसतं जवसाचं तेल.

पाळण्याची रचना साधी. दोन बाजूंना दोन भक्कम खांब, त्यांना खाली जोडणारा एक आडवा दांडा, आणि खांबांच्या मधोमध दोन लोखंडी पिनांवर झुलणारी लाकडी पेटी. पेटीच्या चारही बाजूंना उभ्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमध्ये किती फट ठेवायची, ते मी अंदाजानं ठरवलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग त्या मापाचा प्लायवूडचा एक तुकडा कापला. तो ज्या फटीतून आत जाईल ती पट्टी नापास. बाळाचं डोकं कुठंही अडकता कामा नये. तो तुकडा घेऊन मी एकेक फट तपासायची, तेव्हा नवरा म्हणायचा, "अगं, कारखाना सुटला तुझा." कारखाना सुटला, अक्कल नाही सुटली.

आणि मग पहिली बंदी आली. बाळ यायच्या आधी घरात पाळणा ठेवायचा नाही. ही बंदी घातली आमच्या ह्यांनी, ज्यांना एरवी घरात काय आहे आणि काय नाही याचा पत्ता नसतो. मी म्हटलं, "अहो, पाळणा काय बारशाच्या सकाळी रंधा मारून करायचा? लाकूड आहे, भजी नाहीत." तर म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण काही झालं तर?"

या "काही झालं तर"वर उत्तर नसतं. त्यात धमकी नसते, युक्तिवादही नसतो, आणि तरी माणूस गप्प बसतो. मी चडफडत एक तोडगा काढला. सगळे भाग करायचे, पण जोडायचे नाहीत. सुटे खांब, सुट्या पट्ट्या, सुटा दांडा. जोडलेला नाही तोवर तो पाळणा नाही, नुसतं लाकूड आहे. कुणी विचारलंच तर चपलांचं कपाट. जो कुणी हे काम करतो त्याला विचारा, गोंद न लावता एकदा कोरडी जुळणी केल्याशिवाय सांधा कसा बसेल हे देवालाही सांगता येत नाही. पण ती जुळणीच मला मना होती. एप्रिल-मेच्या उन्हात मी बसून भोकं पाडली, जिभा कापल्या, एकेक सांधा वेगळा बसवून बघितला आणि परत उपसून ठेवला. अख्खा पाळणा एकदाही उभा केला नाही.

आठव्या महिन्यात विहीणबाई सिल्लोडहून सुनेला बघायला आल्या. त्यांच्याकडे मका आणि कापसाची शेती. उंच, सणसणीत बाई, बोलणं तोडून टाकणारं. एसटी स्टँडवरून रिक्षानं आल्या, फाटकात उतरल्या आणि वर जायच्या आधी माझ्या टेबलाकडे वळल्या. मी पट्ट्यांना तेल लावत होते.

"ह्ये काय करायलात इहीणबाई?"

"चपलांचं कपाट."

त्यांनी एक पट्टी उचलली, तिच्या गोल केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसरी उचलली. "चपलांला एवढं गुळगुळीत?"

त्यांनी पट्ट्या होत्या तशा ठेवल्या. "लेकरू यायच्या आधी पाळणा करत नसतेत. तुमाला ठावं नाय असं नाय. अन् केलाच तर जोडू नका, अन् जोडला तर हलवू नका. रिकामा पाळणा हलवत नसतेत."

"मग तो नीट झालाय की नाही ते कळणार कसं?"

"कळायचं काय त्यात? पाळणा हाय, ईमान थोडंच हाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे विमान तपासायचं, कारण त्यात मोठी माणसं बसतात, आणि पाळणा तपासायचा नाही, कारण त्यात बसणाऱ्याला तक्रार करता येत नाही. तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण वर लेक झोपली होती आणि विहीण दारात उभी होती. चहा केला. चहा पिता-पिता त्या म्हणाल्या, "आमच्याकडं लोखंडी पाळणे भेटतेत, रंग दिलेले, फुलं काढलेले. एक धाडून देऊ का?" मी म्हटलं, नको. त्या "नको"त मी काय काय घातलं होतं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी साखर मागितली.

नात श्रावणात आली. आई आणि बाळ दोघी सुखरूप. दवाखान्यातून त्या घरी आल्या आणि दुसऱ्याच सकाळी मी खाली जाऊन सुटे भाग काढले. आता तर कुणाची हरकत नव्हती. बारसं बाराव्या दिवशी, हाताशी वेळ होता. पहिली जीभ पहिल्या भोकाला लावली, आणि ती जाईना.

वैशाखातलं लाकूड श्रावणात फुगतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मे महिन्यात सगळं जुळवून, गोंद लावून, उभं करून ठेवलं असतं तर सगळं एकमेकांना धरून फुगलं असतं. सुटं ठेवल्यामुळे जिभा वेगळ्या फुगल्या, भोकं वेगळी आवळली. मी बसून एकेक जीभ परत तासली. कुठे कमी, कुठे जरा जास्त. पावसाळी हवेत गोंद लवकर वाळत नाही, दोन सांधे क्लॅम्प लावून अख्खी रात्र ठेवावे लागत. मधूनच वरून बाळाचं रडणं ऐकू यायचं, मी हात पुसून वर पळायची, पेज करायची, दुपटी धुवायची, परत खाली. आणि प्रत्येक वेळी पटाशी हातात घेतली की मनात म्हणायची, हे सगळं मे महिन्यात झालं असतं. सगळं.

बारशाच्या आधीच्या दिवशी पाळणा उभा राहिला. दिसायला देखणा होता, ते मी सांगते, उगाच विनय कशाला? तेलानं सागवानाचा रंग उजळला होता. मी त्यात ज्वारीची गोणी ठेवून बघितली, तो हूं की चूं न करता उभा. पण उभं राहणं ही पाळण्याची परीक्षा नाही. मी झोका द्यायला हात लावला आणि नवरा जिन्यावरून ओरडला, "अगं, नको!"

"ज्वारी आहे आत. रिकामा कुठाय?"

यावर या माणसानं काय करावं? विहीणबाईंना फोन लावला. निवाडा मागायला! ज्वारी चालते का म्हणून! फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पलीकडचं मला स्वच्छ ऐकू आलं. "ज्वारी कशी चालंल? पाळण्यात पैल्यांदा वरवंटा जात असतोय, मंग लेकरू. दुसरं कायबी घालू नका. काढा ती गोणी."

आणि त्यांनी ती काढली. ज्यांनी आयुष्यात कधी पाच किलोची पिशवी उचलली नाही त्यांनी ती गोणी छातीशी धरून बाहेर काढली. मग ते वर गेले आणि मी एकटीच उरले. एक धक्का द्यायचा अवकाश होता, बघायला कुणी नव्हतं. मी पेटीच्या काठावर हात ठेवला. दिला नाही धक्का. मला भीती वाटली. उद्या पोरगी तापली तर सगळे माझ्याकडे बघतील, आणि सगळ्यांच्या आधी मीच माझ्याकडे बघेन. इतकी वर्षं मापं घेणारी बाई मी, आणि एका "काही झालं तर"पुढे हात मागे घेतला. विहिणीवर नव्हता एवढा राग मला त्या वेळी स्वतःचा आला.

बारशाचा दिवस आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी. आमच्याकडे पाणी आलं की सगळं बाजूला ठेवून भांडी-टाक्या भरायच्या, पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही. मी बादल्या भरत होते तेवढ्यात विहीणबाई सकाळच्या गाडीनं येऊन थडकल्या. जावई आणि त्यांची बहीण संध्याकाळी येणार होते. बाईंच्या हातात जड पिशवी. पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वरवंटा निघाला. "शहरात नारळावर भागवतेत," त्या म्हणाल्या. "मला नाय चालत. तुमच्याकडं मिक्सर, वरवंटा कुठून असणार? म्हणून घरचा आणला."

मग त्या हॉलमध्ये गेल्या. पाळणा रात्रीच वर आणून मांडला होता. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "चांगला झालाय," म्हणाल्या. आणि लगेच, "हलवला नाय ना?"

तिथं माझा बांध फुटला. हातातली बादली मी तिथंच आपटली. म्हटलं, "नाही हलवला! आणि म्हणूनच मी आज माझी नात त्यात घालणार नाही. तुम्ही आणा तुमचा रंग दिलेला लोखंडी, नाहीतर पोरीला मांडीवर घेऊन नाव ठेवा. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांचे भाग तपासले, ज्यांची तोंडंही मी बघितली नाहीत त्यांच्यासाठी. आणि आज माझी स्वतःची नात, बारा दिवसांची, तिला मी न तपासलेल्या वस्तूत घालू? तुम्ही सगळे गाणी म्हणणार, झोके देणार, आणि मी देव पाण्यात घालून बसू? का हलवायचा नाही ते तरी सांगा. एकदा सांगा. तुमच्याकडे कधी काही झालं होतं का?"

मला वाटलं, आता त्या एखादी जुनी, दुःखाची गोष्ट सांगतील, आणि मला माझे शब्द परत घ्यावे लागतील. मी मनाची तयारीही केली. पण तसं काही नव्हतं.

"आमच्या सासूबाई म्हणायच्या," त्या म्हणाल्या.

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"त्येंच्या सासूबाईनं."

"आणि तुम्हांला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"इचारून? तवा सासूला इचारत नव्हते." पाण्याचा पाइप टाकीत खळखळत होता. मग त्यांनी वरवंटा उचलला, बाळासाठी शिवलेली कुंची त्याच्या डोक्याला घातली, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात नीट आडवा ठेवला. "संध्याकाळी करायचं ते सकाळी करू. आता रिकामा हाय का?"

"नाही."

"मंग हलवा."

मी एका बाजूला बसले, त्या दुसऱ्या बाजूला. मी हळू झोका दिला. पाळणा सुरेख गेला आणि सुरेख आला. "असं नाय," त्या म्हणाल्या, "बाया असं हळू हलवत नसतेत," आणि त्यांनी शेतातल्या हातानं असा झोका दिला की पेटी पार वर गेली. परत आली, परत गेली. त्यांनी झोक्याला ताल धरला. मी पिनांकडे बघत होते. प्रत्येक झोक्याला खांब किंचित बाहेर फाकत होते आणि परत येत होते. किंचित म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल एवढंच. आणि दर वेळी माझ्या बाजूची पिन भोकातून जराशी मागे सरकत होती. "थांबा," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि पिन निसटली.

पेटीचं एक तोंड धाडकन खाली गेलं आणि पेटी कुशीवर कलंडली. वरवंटा दुपट्यासकट घरंगळला, फरशीवर आपटला, आणि फरशी तडकली. कुंची त्याच्या डोक्यावर तशीच होती.

आतून लेक बाळाला छातीशी धरून धावत आली. नवरा जिन्यातून आला. मी त्या फरशीवरच्या चिरेकडे बघत होते. नवऱ्यानं तोंड उघडलं, मला माहीत होतं ते काय म्हणणार, अपशकुन वगैरे. मी बोट दाखवून त्यांना गप्प केलं. "हा अपशकुन नाही," मी म्हटलं. "हा खांब आहे. वर आडवा दांडा नाही म्हणून तो फाकतो. मे महिन्यात एकदा, फक्त एकदा मला हा जोडून हलवू दिला असता तर तेव्हाच कळलं असतं. संध्याकाळी कळणार होतं, ऐकलंत? संध्याकाळी, गाणं चालू असताना, ही आत असताना!" हे शेवटचं मी इतक्या मोठ्यानं बोलले की बाळ दचकून रडायला लागलं. लेकही रडायला लागली. मी रडले नाही. मला रडायला वेळ नव्हता.

विहीणबाई जमिनीवर बसूनच होत्या. त्यांनी वरवंटा उचलून मांडीवर घेतला होता. तोंडचा रंग उतरला होता. "सुतळीनं बांधू का?" त्यांनी विचारलं.

"सुतळीनं काय बांधता? उठा आणि लाकडाचं दुसरं टोक धरा."

त्या उठल्या. उरलेल्या सागवानातून मी एक दांडा कापला, त्यांनी तो धरून ठेवला. गोंद वाळायला वेळ नव्हता, म्हणून दांडा खांबांच्या वरच्या टोकांना आरपार बोल्टांनी आवळला. नवऱ्याला स्कूटरवर पिटाळून जास्त लांबीच्या पिना आणवल्या, टोकाला आटे असलेल्या, आणि खांबाच्या बाहेरून त्यांना वॉशर आणि दोन-दोन नट घातले, एकावर एक, म्हणजे पहिला सैल होऊ नये. विहीणबाई मधेच म्हणाल्या, "हे पैल्यांदाच का नाय केलं?" मी करवत थांबवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी लाकडाचं टोक आणखी घट्ट धरलं.

मग परत वरवंटा. कुंचीसकट. आणि जोडीला ज्वारीची गोणी, जी आता चालत होती, कुणाला फोन करावा लागला नाही. दुपारभर आम्ही दोघींनी आळीपाळीनं तो पाळणा हलवला. खांब हलले नाहीत. पिना हलल्या नाहीत. मी थांबले तरी त्या थांबेनात. "अजून," म्हणायच्या. "जरा अजून. बाया लई जोरात हलवतेत." शेवटी लेक बाहेर आली आणि म्हणाली, "आई, पाहुणे यायची वेळ झाली, तुम्ही दोघी साड्या तरी बदला."

संध्याकाळी घर भरलं. तडकलेल्या फरशीवर मी सतरंजी टाकली होती. बायका आल्या, पाळणा बघून हात लावून बघू लागल्या, आणि एकीनं आमच्या ह्यांना विचारलंच, "भाऊ, तुम्ही केलात?" मी मान वळवली. आता ते हसणार, ते मला माहीत होतं. पण त्यांच्या आधी विहीणबाई बोलल्या, "भाऊंनी नाय. इहीणबाईनं केलाय. अन् तपासलाय." नवरा घाईघाईनं म्हणाला, "हो हो, तिनंच." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तरी मला समाधान झालं नाही, कारण त्याआधी विहीणबाईंना बोलावं लागलं होतं.

बाळाला पाळण्यात घातलं. पाळणा म्हणायला सुरुवात झाली, झोका चालू झाला. मी माझ्या बाजूच्या खांबाला टेकून बसले आणि नटाकडे बघत राहिले. झोका गेला, नट जागेवर. आला, जागेवर. बायका भलत्याच जोरात हलवत होत्या, मी दोनदा ओरडले, "हळू!" आणि कुणी ऐकलं नाही. आत्यानं नाव मनातच ठेवलं होतं, तिनं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला, पेढे फिरले. मी नटाकडे बघत होते. सगळं शांत झालं आणि पाळणा थांबला तेव्हा मी श्वास सोडला. तेव्हा लक्षात आलं, की नाव मी ऐकलंच नाही. स्वतःच्या नातीचं नाव.

समोरच्या खांबाशी विहीणबाई बसल्या होत्या. मी पाळण्याखालून वाकून हळूच विचारलं, "काय नाव ठेवलं हो?"

त्यांनी त्यांच्या बाजूच्या नटावरची नजर काढली नाही. "मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "मी इकडं बघत व्हते."